नागपूरच्या महाल भागातला दोन चौकी वाडा: दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर. मोजमाप

गांधी गेटच्या, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजाच्या आतल्या बाजूचा दुमजली वाडा. गल्लीकडची रुंदी ११.४ मीटर, खोली ३१ मीटर. समोर छपरी, मग दिंडीचा दरवाजा, देवडी, पहिला चौक आणि त्याच्या चारी बाजूंना सोपे, म्हणजे खांबांवरच्या ओसऱ्या. त्यामागे माजघर आणि देवघर. दुसऱ्या चौकात आड, न्हाणी, स्वयंपाकघर आणि भिंतीच्या पोटात धान्य साठवायचं बळद. अगदी मागे गोठा होता, आता तिथे टिनाचं शेड आहे. माडीवर गल्लीच्या तोंडाशी दिवाणखाना.

सगळं घर खणांवर बांधलेलं आहे. दोन खांबांमधलं अंतर कुठेही मोजलं तरी १.७५ मीटरच्या आसपास भरतं, फरक दोन-तीन सेंटिमीटरचा. पहिल्या चौकाभोवती सागवानी खांब १४. प्रत्येकाला ओळंबा लावला: ११ खांब सरळ, ३ चौकाच्या बाजूला झुकलेले, सर्वांत जास्त ३४ मिमी. झुकलेले तिन्ही खांब वायव्य कोपऱ्यात आहेत. हे ध्यानात ठेवायचं आहे.

मालकांनी दिलेल्या यादीत रंग, फरशी, न्हाणीघर आणि ‘कुजलेली लाकडं’ असा क्रम होता. आम्ही तो उलटा केला. महालातल्या बहुतेक जुन्या घरांची लाकडं आपोआप कुजलेली नाहीत. पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडून बसतं हे कळल्याशिवाय नवं लाकूड घालणं म्हणजे पैसे मातीत घालणं. म्हणून आधी पातळ्या, मग भिंती, मग लाकूड.

चुना मात्र आजच विझवायला घातला, कारण त्याला वेळ लागतो. २०० लिटरच्या पिंपात आधी पाणी, त्यात थोडी थोडी चुन्याची कळी. कळीवर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटून शिंतोडे डोळ्यांत जातात आणि आतले खडे अर्धवट विझतात. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. थंड झाल्यावर बारीक जाळीतून गाळून वर चार बोटं पाणी ठेवलं. महिना झाल्याशिवाय या पिंपाला हात लागणार नाही.

१४ नोव्हेंबर. घराचं वय

कागद नाहीत, असलेले वाटणीचे आणि अलीकडचे. त्यामुळे वय सामानावरून वाचावं लागतं. या घरात तीन थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर पहिल्या चौकाचा. जोतं काळ्या दगडाचं, दगड घडीव, सांधे बारीक. त्यावरच्या भिंतीची जाडी ७० सेंमी: बाहेरून भाजलेल्या, पाऊण-एक वीत लांबीच्या पातळ विटा, जाडी ३८ मिमी, आतून कच्च्या विटा, दोन्ही पांढऱ्या मातीत बसवलेल्या. खांब, तुळया, तुळयांवरच्या आडव्या कड्या सगळं सागवानी, सांधे कुसू-खाचेचे (एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत) आणि लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. लोखंडी खिळे फक्त दारांच्या फळ्यांना, तेही लोहाराने ठोकलेले, चौकोनी आणि टोकाकडे निमुळते. ही पद्धत नागपूरकर भोसल्यांच्या काळातली.

नागपूर हे शहर देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास वसवलं, पण महाल हा भाग आकाराला आला तो पहिल्या रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केल्यावर. राजवाड्याभोवती मानकऱ्यांचे आणि कारकुनांचे वाडे उभे राहिले. तो राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर भरपूर लाकडी कोरीव काम होतं. १८६४ मध्ये तो जळाला. त्या कारागिरीतलं जे काही आज पाहता येतं ते देवळांत आणि अशा घरांत. या सोप्यातल्या एका खांबाची किंमत लावताना हे विसरून चालत नाही.

दुसरा थर रस्त्याकडच्या माडीचा. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. दरबारी उत्पन्नावर चालणाऱ्या घरांना भाडेकरू आणि दुकानं यांचा आधार घ्यावा लागला. या वाड्यातही समोरचे दोन खण दुकानासाठी मोकळे केलेले आहेत. वरच्या भिंतीचा भार पेलायला लोखंडी गर्डर घातलेत आणि गंजाचा पापुद्रा काढल्यावर एकावर ‘डॉर्मन लाँग’ हा छाप उमटला. ही विलायती कंपनी पोलादी तुळया बनवत असे. जमशेदपूरचं पोलाद १९१२ पासून मिळू लागलं, त्याचा छाप इथे एकाही तुळईवर नाही. त्याच माडीवर मंगलोरी कौलं आहेत आणि खिळे तारेचे, गोल. दोन्ही वस्तू आगगाडीने येणाऱ्या. म्हणून ही माडी रेल्वेनंतरची, आणि बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आगेमागेची.

तिसरा थर दुसऱ्या चौकामागच्या खोल्या. नऊ इंची विटा, सांधे सिमेंटने भरलेले, वर स्लॅब. यावर वेळ घालवायचा नाही.

२१ नोव्हेंबर. पाया

दोन खड्डे घेतले, दोन्ही १.५ मीटर खोल. नागपूरच्या पश्चिमेला काळा दगड आणि त्याची काळी माती, पूर्वेला वेगळा खडक. इथे खाली काळी मातीच लागली. वरची १.१ मीटर चिकण काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम.

पहिल्या चौकाचा दगडी पाया १.२५ मीटर खाली, मुरमात टेकलेला आहे. तिसऱ्या थरातल्या खोल्यांचा पाया फक्त ७० सेंमी, म्हणजे काळ्या मातीतच संपलेला. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुना भाग जागचा हलत नाही, नवा वर-खाली होतो, आणि जिथे दोन्ही जोडलेत तिथे तिरपी चीर पडते. चीर वर ९ मिमी, खाली ३ मिमी. मिस्त्रींनी तिच्यात दोनदा सिमेंट भरलेलं आहे आणि ती दोनदा बाजूने पुन्हा फुटली आहे. आम्ही तिथे ठेवलेला सांधा सोडणार: दोन्ही भिंती एकमेकींना न बांधता मधली फट चुन्याच्या मऊ मालाने भरायची. काचेच्या पट्ट्या चिकटवून चिरेवर खुणा केल्या; उन्हाळ्याअखेर पुन्हा मोजायचं.

२८ नोव्हेंबर. पातळ्या

पाण्याच्या नळीने पातळी धरली. गल्लीची मूळ पातळी जोत्याच्या खालच्या न घडवलेल्या दगडांवरून कळते. त्या पातळीला शून्य मानलं तर:

जोत्याचा माथा ६० सेंमी वर. पहिल्या चौकाची फरशी ३५ सेंमी वर. चौकातली दगडी नाली गल्लीत उघडते तिथे १० सेंमी वर. आजची सिमेंटची गल्ली मात्र ४२ सेंमी वर.

म्हणजे चौक, जो बांधताना रस्त्यापेक्षा ३५ सेंमी उंच होता, तो आज रस्त्याच्या ७ सेंमी खाली आहे आणि नालीचं तोंड ३२ सेंमी काँक्रीटखाली गाडलेलं आहे. या एका आकड्यात घराचं निम्मं दुखणं आलं. जुन्या रस्त्यावर नवा थर चढत गेला, तसं चौकातलं पाणी बाहेर जायचं थांबलं. ते जमिनीत जिरत राहिलं, तेही खांबांच्या ओळीलगत.

रस्ता खाली आणणं आपल्या हातात नाही. मागची गल्ली मोजली: शून्याच्या १३ सेंमी खाली. पाण्याला वाट तिकडूनच.

५ डिसेंबर. सिमेंटचा गिलावा काढला

सोप्याच्या भिंतींना आतून १.२ मीटर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइल पेंट होता. हे ‘ओल येऊ नये म्हणून’ केलेलं असतं आणि नेमकं त्यानेच ओल वाढते. मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. पृष्ठभाग बंद झाला की पाणी वर चढत जातं आणि गिलावा संपतो तिथे बाहेर पडतं. म्हणूनच या भिंतीला लोणा, म्हणजे पृष्ठभागावर फुलणारा क्षार, लागला होता तो १.३ मीटरवर, अगदी गिलाव्याच्या काठाला धरून.

भिंतीत ८ सेंमी खोल ड्रिल मारून चुरा काढला, तोलला, १०५ अंशांवर वाळवून पुन्हा तोलला. ३० सेंमी उंचीवर १४ टक्के पाणी, ९० सेंमीवर ११ टक्के, १.८ मीटरवर ४ टक्के. भिंतीला टेकवून बघायच्या मीटरवर इथे भरवसा ठेवू नये. क्षार असले की तो कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो.

काढायची रीत: हातोडी हलकी, छिन्नी भिंतीला समांतर. मशीनची ब्रेकर वापरली तर आतल्या कच्च्या विटा भुगा होऊन सुटतात. एका वेळी एक खण उघडायचा. गिलाव्याच्या मागच्या बाजूला वाळवीच्या मातीच्या नळ्या जमिनीपासून थेट कडीपर्यंत गेलेल्या सापडल्या. उघड्या भिंतीवर अशी नळी लगेच दिसते आणि झाडूने मोडता येते. सिमेंटच्या आड ती वर्षानुवर्षं शाबूत राहते. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. तिने खाल्लं ते कड्यांच्या कडेचं पांढरं लाकूड, गाभा ठणठणीत.

भिंती आता उघड्या ठेवायच्या. थंडी कोरडी आहे, हीच वाळण्याची वेळ. सुटणारा क्षार दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरून बाहेर न्यायचा; खाली पडू दिला तर तो पुन्हा भिंतीत जातो.

११ डिसेंबर. खांबाचा पाय

वायव्य कोपऱ्यातला खांब उघडला. कुठल्याही जुन्या घरात एकच गोष्ट बघायची असेल तर ही बघावी.

खांब तळखड्यावर उभा असतो. तळखडा म्हणजे काळ्या दगडाचा, इथे ३५ सेंमी चौरस, वर कमळाच्या पाकळ्या कोरलेला ठोकळा. त्याच्या माथ्यावर ५ सेंमी खोल खाच आणि त्या खाचेत खांबाचा कुसू. दगड लाकडाला जमिनीच्या ओलीपासून वर धरतो आणि पाकळ्यांच्या उतारावरून पाणी बाहेर ओघळतं. बांधणाऱ्यांनी सगळा विचार केलेला होता.

नंतर कधी तरी सोप्यात भर घालून वर १० सेंमी काँक्रीट आणि त्यावर शहाबादी फरशी बसवली. फरशी २३ सेंमी वर आली, तळखडा पुरता गाडला गेला आणि लाकडाचा पाय ओल्या काँक्रीटच्या मुठीत अडकला. पटाशी (सुताराची सपाट छिन्नी) लावली तर फरशीच्या वर लाकूड घट्ट, धातूसारखा आवाज. फरशीच्या खाली पटाशी बोटभर सहज आत. लाकूड तपकिरी, चौकोनी तुकड्यांत चिरलेलं, हाताने चुरडलं जाणारं. कुसू उरलेलाच नव्हता. खांब त्याच्या एका कोपऱ्यावर आणि काँक्रीटच्या पकडीवर तोललेला होता, म्हणून झुकला.

लाकडात २० टक्क्यांहून जास्त पाणी राहिलं की बुरशीला ते चालतं. इथे फरशीखाली २९ टक्के, फरशीवर ३० सेंमी उंचीवर १३ टक्के. त्याच खांबाचे हे दोन आकडे. सगळे १४ पाय उघडून पाहिले: ५ कुजलेले, ३ कडेला मऊ, ६ चांगले.

१८ डिसेंबर. माडीवरचं ओझं

खांब उचलण्याआधी वरचं ओझं कमी करायचं. माडीची जमीन अशी आहे: तुळई, तिच्यावर ४५ सेंमी अंतराने कड्या, कड्यांवर किलचा (लाकडी चिपा), किलचांवर बांबूची चटई आणि १५ सेंमी माती. दाबलेली माती घनमीटरला साधारण १७५० किलो धरली तर चौरस मीटरला २६० किलो. यासाठीच तुळया एवढ्या जाड आहेत. पण नंतर मातीवर ७५ मिमी काँक्रीट ओतलं गेलं, ते चौरस मीटरला आणखी १८० किलो. एका खांबावर ४.२ चौरस मीटर येतात, म्हणजे प्रत्येकावर पाऊण टन फुकटचं.

काँक्रीट काढलं, पण एका कोपऱ्यातून सलग नाही: बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक खण, म्हणजे भार एकदम एका बाजूने हलका होऊन तुळई पिळली जात नाही. राडारोडा माडीवर साठवायचा नाही, तासातासाला खाली. मधल्या दोन कड्या पूर्ण चिरलेल्या निघाल्या, त्या बदलणार.

मातीची जमीन तशीच ठेवतोय. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या पंधरा सेंटिमीटरांमुळे खालचा सोपा थंड राहतो.

३ जानेवारी. खांब उचलणं आणि पाय जोडणं

दर खांबाला दोन धिरे (तात्पुरते टेकू), दोन स्क्रू जॅक, खाली ६० सेंमी लांब जाड फळ्या. हायड्रॉलिक जॅक टाळले, कारण रात्रीतून ते किंचित बसतात. तुळईखाली गोणपाटाची घडी आणि त्यावर सागाचा तुकडा, म्हणजे खांबाच्या माथ्याला तुळई पेलणाऱ्या कोरीव हस्तांना दाब येत नाही.

उचलायचं एका वेळी अर्धा मिलिमीटर आणि थांबायचं. घर करकरलं की थांबायचं. खांब तळखड्यावरून २ मिमी सुटला की पुरे. जास्त उचललं तर वरच्या कुसूंच्या खुंट्या तुटतात आणि नसलेलं काम निर्माण होतं. झुकलेले खांब सरळ करण्याचा हट्ट धरला नाही. ३४ मिमीचा होता तो २० मिमीवर आला, तिथे सोडला. वरच्या तुळया त्या झुकावाला कित्येक वर्षांपासून सरावल्या आहेत.

कुजलेला पाय कापून नवा जोडताना सांधा तिरपा: दोन्ही टोकं तिरपी कापून एकमेकांवर बसवायची, टोकांना खाच ठेवायची. खांब २० सेंमी चौरस, सांध्याची लांबी ५० सेंमी. कापणी कुजलेल्या भागाच्या वर किमान ५ सेंमी चांगल्या लाकडात. चार खुंट्या, प्रत्येक १८ मिमी, जुन्या सागाच्याच. खुंटीची भोकं दोन तुकड्यांत दीड मिलिमीटर सरकवून पाडली की खुंटी ठोकताना सांधा आपोआप घट्ट ओढला जातो. लोखंडी पट्टी कुठेही नाही.

लाकूड लकडगंजातून, पाडलेल्या घरांतलं जुनं सागवान. नवीन कापलेला साग स्वस्त पडतो पण त्यात पांढरं लाकूड फार असतं आणि वाळताना तो पिळतो. जुनं घेताना तीन गोष्टी बघाव्या: पाणी १२ टक्क्यांखाली, जुन्या खाचा आपल्या सांध्यात येत नाहीत ना, आणि आत खिळे. खिळे शोधायला हातातला मेटल डिटेक्टर, नाही तर पहिल्याच खिळ्याला करवतीचं पातं जातं.

सोप्यातली २३ सेंमीची भर पूर्ण काढली. तळखडे मोकळे झाले. नवी फरशी मूळ पातळीला येईल, काँक्रीटशिवाय, मुरूम आणि चुन्याच्या कोब्यावर (ठोकून घट्ट केलेल्या थरावर), प्रत्येक तळखड्याभोवती दोन बोटं फट सोडून.

२२ जानेवारी. चुन्याचे नमुने

विझवलेला चुना लोण्यासारखा झालाय, थापीला चिकटून ओढला जातो. वाळू कन्हानची, धुऊन घेतलेली. सुरकीसाठी कमी भाजलेल्या विटा दळल्या. जास्त भाजलेल्या, काळपट विटेची सुरकी चुन्याशी जमत नाही, ती नुसती भर होते.

भिंतीवर अर्ध्या मीटरचे चार चौकोन लावले:

पहिला, चुना १, वाळू ३. दुसरा, चुना १, वाळू २, सुरकी १. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण पाण्यात गूळ आणि हिरडा. चौथा दुसऱ्यासारखा, त्यात बारीक कापलेला ताग.

गुळाच्या पाण्याबद्दल बरंच ऐकायला मिळतं. गुळाने माल मऊ होतो आणि हळू घट्ट होतो, ते उन्हाच्या गावी उपयोगाचं. पण हात सैल सुटला तर माल ओलाच राहतो, मुंग्या आणि बुरशी येतात. आम्ही मोजून घेतला: १०० किलो मालाला अर्धा किलो गूळ, रात्रभर भिजवून गाळलेला.

१२ फेब्रुवारी. नमुन्यांचा निकाल, गणेशपट्टी

पहिल्या चौकोनाला केसासारख्या भेगा. दुसरा चांगला. तिसऱ्यात भेग नाही, नखाने ओरखडा जात नाही. चौथा सर्वांत चिवट. ठरलं: पहिला हात चौथ्याचा, वरचा हात तिसऱ्याचा. हे फक्त बाहेरच्या भाजलेल्या विटांवर. आतल्या कच्च्या विटांवर मातीचाच गिलावा: पांढरी माती १, वाळू २, गव्हाचा भुसा, शेण, आठवडाभर भिजवून रोज पायाने तुडवलेला. काळी माती यात अजिबात नको, ती वाळली की फाटते.

दिंडी दरवाजाच्या गणेशपट्टीवर (चौकटीवरच्या गणपती कोरलेल्या पट्टीवर) आणि हस्तांखाली लोंबणाऱ्या केळफुलांवर ऑइल पेंटचे सहा थर होते: वरून चॉकलेटी, निळा, हिरवा, आणखी एक हिरवा, पांढरा, तांबडा. कॉस्टिक सोड्याने ते तासाभरात निघतात, पण साग काळा पडतो आणि लाकडात राहिलेला सोडा पुढच्या पावसाळ्यात पांढरा होऊन वर येतो. म्हणून गरम हवेची गन, कमी तापमानावर, आणि बांबूच्या पात्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं: घासायचं नाही, मास्क लावायचा, खपल्या पिशवीत बंद करायच्या.

वरच्या पाच थरांखाली गणपतीच्या उजव्या हाताची बोटं वेगवेगळी दिसली, प्रत्येकावर नख कोरलेलं. आतापर्यंत तिथे एक गोळा दिसत होता. केळफुलांपैकी एक नंतर बसवलेलं आहे, पाकळ्या उथळ आणि खिळा तारेचा. ते काढलं नाही. घराच्या इतिहासात तोही एक सुतार आहे.

शेवटचा थर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा. पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ, पुढचे दोन हात दाट, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने उरलेलं तेल फडक्याने पुसून. ही तेलकट फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर पसरून वाळवायची.

४ मार्च. गिलावा

चौकाच्या बाहेरच्या भिंती ३८ चौरस मीटर, दोन हात मिळून २० मिमी, कोरडा माल सुमारे १ घनमीटर. भिंत आदल्या संध्याकाळी भिजवली आणि सकाळी पुन्हा. कोरड्या विटेवर चुना लावला तर वीट पाणी ओढून घेते आणि गिलावा ढोलासारखा पोकळ वाजतो. काम सकाळी सात ते अकरा. वर ओली पोती, दोन आठवडे, दिवसातून तीनदा पाणी. महिनाअखेरीस गिलाव्याचं काम बंद: एप्रिल-मेच्या हवेत चुना घट्ट होण्याआधीच वाळतो आणि पावडर होऊन झडतो. उत्तरेची भिंत अजून ओली आहे (९० सेंमीवर ८ टक्के), तिला घाई करणार नाही.

९ एप्रिल. छप्पर

माडीवर मंगलोरी, मागच्या सोप्यांवर देशी कवेलू, म्हणजे नळीची कौलं. देशी कवेलू दर वर्षी फेरावे लागतात, माकडं एका दुपारीत अख्खी ओळ विस्कटतात, तरी ते ठेवतोय: वारा जातो आणि तुटलेला एक बदलता येतो.

मंगलोरी ९६ चौरस मीटर, चौरस मीटरला १५ कौलं, अधिक दहा टक्के फूट. जुनी उतरवून प्रत्येकाला बोटाच्या हाडाने ठोकलं; खणखणीत वाजणारी परत चढवली, बद्द वाजणारी बाजूला. उतार २८ अंश, पट्ट्यांचं अंतर ३२ सेंमी, पट्ट्या सागाच्या. दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ पत्र्याची होती, गंजलेली आणि अरुंद. नवी ३० सेंमी रुंद, कौलांखाली दोन्हीकडे १५ सेंमी आत घेतलेली. गळती बहुतेक वेळा कौलांतून नसतेच, पन्हळीतून असते. वळचण भिंतीपासून ६० सेंमी बाहेर, पूर्वी होती तेवढीच.

६ मे. नाली

पहिल्या चौकातून मागच्या गल्लीपर्यंत २२ मीटर. सुरुवात शून्याच्या २५ सेंमी वर, उतार १:८०, म्हणजे साडेसत्तावीस सेंमी खाली येऊन शेवट शून्याच्या अडीच सेंमी खाली. मागची गल्ली त्याहूनही साडेदहा सेंमी खाली, त्यामुळे पाणी मोकळं पडतं. घरातून जाताना १६० मिमीचा नळ, चौकात उघडी दगडी नाली मूळ दगडांतच. दर ६ मीटरला झाकण उघडून साफ करता येईल अशी कुंडी.

चौकात उतरणारं छप्पर १४० चौरस मीटर. तासाला ५० मिमी पाऊस धरला तर सेकंदाला २ लिटर. नळाला हे सहज झेपतं. तुंबेल ते पानांनी, म्हणून तोंडाशी पितळी जाळी. छपराचं पाणी आडात सोडावं अशी सूचना आली होती. आड भिंतीपासून २.६ मीटरवर आहे आणि वाळत आलेल्या पायाशेजारी पाणी जिरवणं आम्हाला मान्य नाही.

वायरिंग या महिन्यात झालं, कड्यांच्या कडेने उघड्या नळ्यांतून. दिवाणखान्यातल्या बंगईच्या (झोपाळ्याच्या) लोखंडी कड्या जुन्याच. आतून एक तृतीयांश झिजल्या आहेत, म्हणून त्यांच्यावर बंगई टांगायची नाही, नवे हुक शेजारच्या तुळईला.

२१ जून. पहिला मोठा पाऊस

चौक धो धो पावसातही कोरडा होत गेला, पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत पाणी नाही. तळखड्यांच्या फटी कोरड्या. पन्हळीच्या खालच्या टोकाला एका कौलामागून थेंब येत होते, कौल दोन बोटं वर सरकलेलं होतं. चिरेवरच्या काचेच्या पट्ट्यांपैकी वरची उन्हाळ्यातच तुटली होती, चीर ९ वरून ११ मिमी. माती फुगली की ती मिटते का, हे ऑगस्टमध्ये मोजायचं.

८ जुलै. राहिलेलं

उत्तरेची भिंत ९० सेंमीवर ६ टक्के. तिचा गिलावा दिवाळीनंतर. जोडलेल्या पाच पायांत पाणी ११ ते १३ टक्के. दुसऱ्या चौकातलं बळद उघडून आतली वाळवी बघायची आहे. पावसात उघडायचं नाही, ओल आत कोंडते. पाणी सोडण्याची जाळी पावसाळाभर दर रविवारी साफ करायची, हे काम घरच्यांकडे दिलंय आणि कुंडीच्या झाकणाजवळ तशी पाटी लावली आहे. सोप्यात पुन्हा फरशीवर फरशी बसवायची झाल्यास आधी तळखड्याचा माथा बघावा, असंही तिच्यावर लिहिलं आहे.